‘कुणी पाहिलं?’ विचारणारे कॅप्टन घरत

तुमच्या गावच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं, तेव्हा तुम्ही कुणाकडे पाहता?

खरं उत्तर द्या. दार उघडतं, पांढरे कपडे खाली उतरतात, एक हात हलतो आणि मैदानातली सगळी डोकी त्या हाताबरोबर वळतात. पुढच्या काचेमागे बसून ज्यानं ते यंत्र खाली आणलं, त्याचा चेहरा तुमच्यापैकी किती जणांना आठवतो? मला एक आठवतो. तो पेणमध्ये आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा, आणि बराच काळ मी त्याच्याकडे संशयानेच पाहत होते.

कॅप्टन दत्ताराम घरत. मूळचे कासूचे. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे हेलिकॉप्टर उडवायला शिकला आणि निवृत्तीनंतर एका खासगी कंपनीत लागला. कंपनी हेलिकॉप्टरं भाड्याने द्यायची. पुढाऱ्यांना, कारखानदारांना, आणि नवरदेवाला आकाशातून उतरवायची हौस असलेल्यांना.

आमच्या घरात या माणसाबद्दल चांगलं मत असणं शक्य नव्हतं. माझे बाबा धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करायचे आणि शिफ्ट संपली की युनियनची पत्रकं लिहायचे. माझी अक्षरओळख पाठ्यपुस्तकापेक्षा ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या ओळीनेच जास्त झाली. बाबांच्या कंपनीत संप झाला तेव्हा सगळे गेटबाहेर बसून होते आणि मालक हेलिकॉप्टरने थेट आत उतरला. चालवत होते घरत. बाबा ते कधी विसरले नाहीत. “गेटवर आपण बसलेलो, आणि आपल्या डोक्यावरून मालकाला नेणारा आपलाच कासूचा,” असं ते म्हणायचे. घरत वरच्या मजल्यावर राहायला आले त्या दिवशी बाबांनी टेबलावरचे पत्रकांचे गठ्ठे उचलून पलंगाखाली सरकवले.

आम्हाला वाटलं होतं की आपण त्यांच्यावर संशय घेतोय. लवकरच कळलं की या कामात आम्ही त्यांच्यापुढे कच्चे होतो.

इमारतीची लिफ्ट दुरुस्त होऊन आली की घरत काका दोन दिवस जिन्याने जात. पंपावर पेट्रोल भरताना आधी थोडं बाटलीत घेऊन उन्हात धरत, तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का बघत, आणि मगच स्कूटरची टाकी उघडत. मागे रांगेतली माणसं हॉर्न वाजवायची. ते शांतपणे बाटली फिरवत राहायचे. हेलिकॉप्टरचं इंधन रोज सकाळी असंच बघावं लागतं, पण नारळाचं तेल आणि दूधही त्याच पद्धतीने बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. कुणीही काहीही सांगितलं की ते विचारत, “कुणी पाहिलं?” पाणी उद्या येणार नाही. कुणी पाहिलं? रस्ता डिसेंबरपर्यंत होणार. कुणी पाहिलं? अमक्याच्या मुलीचं जमलं. कुणी पाहिलं? सोसायटीच्या सभेला त्यांना बोलावूच नये, असा एक ठराव तोंडी मंजूर झालेला होता.

एकदा मी पेणच्या बाजारात त्यांच्यामागे उभी होते. गडब गावची एक बाई वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. काका राशीच्या वरची एक, मधली एक, तळातली एक अशा शेंगा उचलून फोडत होते.

“कॅप्टन, येक बघा, दोन बघा. सगली रास फोडाल तं मी इकू काय?”

“सगळी रास सारखी आहे हे कुणी पाहिलं?”

“मी पायलं ना. माज्याच शेतातली हाय.”

“मग एक तुम्ही फोडा.”

तिने एक शेंग उचलून फोडली. आत अळी होती. तिने ती शेंग खांद्यावरून मागे टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “कसा मानूस हाय गो ह्यो? घरात बाय कशी नांदते याच्या?”

“तीही तपासूनच आली,” काका म्हणाले आणि दोन किलो शेंगा घेतल्या.

रायगडात कुठेही उतरायचं असलं की ते आदल्या दिवशी स्वतः स्कूटरवरून जाऊन मैदान चालून येत. चुन्याच्या फक्कीने आखलेलं वर्तुळ, पाण्याचा टँकर, वारा कळावा म्हणून पेटवायचं ओलं गवत, हे सगळं आयोजक करतातच. काका त्यापलीकडचं बघत. मांडवाचं सैल कापड, झाडात अडकलेली प्लास्टिकची पिशवी, कोपऱ्यातून गेलेली केबलची वायर. पात्यांच्या वाऱ्याने कापड उडून पात्यातच गेलं तर काय होतं ते त्यांनी सैन्यात पाहिलं होतं. ती गोष्ट त्यांनी मला कधी पूर्ण सांगितली नाही.

गडबला एका लग्नात त्यांनी प्रवेशाची अख्खी कमान उतरवायला लावली. मुलीच्या बापाने हात जोडले, मग शिव्या दिल्या. कमान उतरली. दुसऱ्या दिवशी वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं. कमान तशीच राहिली असती तरी काही बिघडलं नसतं. ते घर अजून त्यांच्या नावाने बोटं मोडतं. मी काकांना म्हटलं, “कमान चालली असती की.”

“चालली असती हे आता कळलं,” ते म्हणाले. “मला आदल्या दिवशी ठरवायचं होतं.”

आता ती सकाळ सांगते.

निवडणुकीचे दिवस होते. रोह्याच्या मैदानावर एका मोठ्या नेत्याची सभा होती आणि मी बाहेरच्या बाजूला नदीच्या पाण्याबद्दलची पत्रकं वाटत होते. थंडीतलं धुकं आणि धाटावच्या बाजूने येणारा धूर एकमेकांत मिसळून डोंगर नाहीसे झाले होते. मैदानाच्या पलीकडचं झाडही नीट दिसत नव्हतं. एवढ्यात आवाज आला, आणि त्या राखाडी रंगातून हेलिकॉप्टर एकदम डोक्यावरच निघालं. टाळ्या पडल्या. हात हलला. सगळे वळले.

माझ्या हातात पत्रकं होती आणि ती कुणी घेत नव्हतं, म्हणून मी यंत्राकडे बघत राहिले. पाती थांबल्यावर घरत काका उतरले. नेहमीसारखे यंत्राला हात लावत एक फेरी मारू लागले. मागच्या शेपटीपाशी आले आणि तिथेच खाली बसले. फक्कीत, पांढऱ्या गणवेशासकट. रुमाल टाकल्याशिवाय बाकावर न बसणारा माणूस मातीत बसला होता. माझी नजर त्यांना जाणवली असावी. ते उठले, पँट झटकली, आणि मला न ओळखल्यासारखं करून आत गेले.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “चक्कर आली असेल. उपाशी उडवत असतील.” पण त्यांनी ते डोक्यात ठेवलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी काका पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले. बाबांनी “बसा” म्हटलं, पण पंखा लावला नाही.

“युनियन म्हणजे नक्की काय असतं ते विचारायला आलोय,” काका म्हणाले.

“तुम्हाला कशाला युनियन? तुम्ही वरून जाणारी माणसं.”

“वर सोबतीला कुणी नसतं. तेच सांगायला आलोय.”

मग त्यांनी सांगितलं. वैमानिकांचं एक गिल्ड आहे. आजवर ते विमानवाल्यांचंच होतं. आता हेलिकॉप्टरवाल्यांनीही यावं, असं आमंत्रण आलं आहे. त्यांच्या कंपनीतले काही पायलट तयार आहेत, काही घाबरलेत. सगळे गेले तर ताकद, एकटादुकटा गेला तर कंपनी त्याला घरी बसवणार.

“विमानवाल्यांना आमची काय पडलीय?” काका म्हणाले. “त्यांना धावपट्टी असते, टॉवर असतो. आम्ही शाळेच्या मैदानात उतरतो. त्यांना वर्गणी हवी असेल, किंवा कंपनीनेच हे पिल्लू सोडलं असेल, कोण कोण जातंय ते बघायला.”

“असू शकतं,” बाबा म्हणाले. इथे त्यांनी उठून पंखा लावला. संशयी माणूस त्यांना मनापासून आवडतो. “पण तुमची अडचण काय आहे?”

“हवा वाईट असली आणि मी नाही म्हटलं, तर पुढच्या महिन्यात माझं नाव ड्युटीला लागत नाही. एक दिवस मी हो म्हणेन आणि संपेन. मागे बसलेलेही संपतील.”

“मग सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं.”

“सगळे म्हणजे कोण? एक ड्युटीवर असतो तेव्हा दुसरा घरी. निवडणुकीत सगळे बाहेर, पण प्रत्येक जण वेगळ्या मैदानात. आणि ते नाही म्हणणार नाहीत.” काकांनी मग नाव घेतलं. “आमच्यात रोह्याचा एक कर्णिक आहे. तो कसल्याही हवेत जातो. त्याच्यामुळे आम्हाला जावं लागतं. त्या माणसाच्या शेजारी मी सही करणार नाही.”

बाबांनी फार समजावलं नाही. बैठक घ्या, एवढंच म्हणाले. हॉल घेतला तर मॅनेजरला कळेल, या काकांच्या शंकेवर त्यांनीच उपाय काढला. “जानेवारी आहे. मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावा. शेतावर जमून पोपटी खाणाऱ्यांची चौकशी या जिल्ह्यात कोण करतं?”

तर हेलिकॉप्टर पायलटांची ती बैठक कासूला, घरतांच्या कापणी झालेल्या खाचरात, दुपारी भरली. आठ-नऊ पायलट असतील. कुणी गाडीने आले, दोघे पॅसेंजरने कासू स्टेशनला उतरून चालत आले. बाबा आणि मीही गेलो होतो. काकांनी सगळ्यांचे मोबाइल गोळा करून भाताच्या पिंपात पुरले. माझाही. “पत्रकवाली आहेस, तुझा तर तळाशी,” म्हणाले. गिल्डकडून एक विमानवाल्या कॅप्टन बाई आल्या होत्या. त्यांचाही मोबाइल भातात गेला. त्यांचे बूट फार चकचकीत होते, आणि मी मनात तशी नोंद केली.

कर्णिक मोटरसायकलवरून आले. मला कुणी धडाकेबाज माणूस अपेक्षित होता. आले ते मास्तरांच्या घरातले वाटावेत असे, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. घरत काका त्यांच्याकडे पाठ करून मडकं भरत बसले. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. तोंड बंद करून मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा रचला, जाळ लावला.

जाळ उतरेपर्यंत बाईंनी गिल्डबद्दल सांगितलं. लोक ऐकत होते, पण डोळे एकमेकांवर होते. यातला कोण उद्या मॅनेजरला सांगेल, याचाच हिशोब चालला होता. शेवटी बाई म्हणाल्या, “मी बोलून उपयोग नाही. तुम्हीच सांगा. जायला नको होतं आणि गेलात, असा एक दिवस.”

मग घरत काका आगीकडे बघतच बोलू लागले. त्यांनी रोह्याची सकाळ सांगितली. पेणहून निघायचं होतं. डोंगर दिसत नव्हते म्हणून त्यांनी नाही म्हटलं. मॅनेजरचा फोन आला. नागोठण्याच्या पुढे, धुक्यात, विजेच्या मोठ्या तारा समोर आल्या तेव्हा त्या इतक्या जवळ होत्या की त्यांवर बसलेला पक्षी त्यांना दिसला. यंत्र कसं वर उचललं ते त्यांना आठवत नाही. मागे साहेब फोनवर बोलत होते. त्यांना काही कळलं नाही.

“फोनवर मॅनेजर काय म्हणाला?” बाबांनी विचारलं.

“म्हणाला, कर्णिक अलिबागहून निघालेसुद्धा, याच धुक्यात. तुम्हाला काय झालंय?”

आगीच्या पलीकडून कर्णिक म्हणाले, “मला उडताना कुणी पाहिलं?”

त्यांना ठाऊक नव्हतं की ते कुणाचं वाक्य बोलतायत. काकांनी मान वळवली.

“मी अलिबागला जमिनीवर उभा होतो,” कर्णिक म्हणाले. “नाही म्हणून सांगितलं होतं. आमचा मेकॅनिक साक्षीला आहे. मग मला फोन आला की घरत रोह्याला उतरले, तुम्ही काय बसून राहिलात. मी दुसऱ्याला विचारून खात्री केली. तुम्ही खरंच उतरला होतात. मग मी निघालो.”

कोपऱ्यातला एक पायलट, जो तोवर बोलला नव्हता, म्हणाला, “मला तुम्हा दोघांची नावं सांगितली होती.”

मला वाटतं, त्या खाचरात प्रत्येकाला त्या क्षणी आपापला एक फोन आठवला असावा. मॅनेजरला खोटं एकदाच बोलावं लागलं होतं. त्यानंतर ते खरंच होत गेलं, एकामागून एक, पायलट स्वतःच ते खरं करत गेले.

“माझा नंबर होता ना तुमच्याकडे?” कर्णिकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“होता.”

काकांचा चेहरा मला नीट दिसत होता. पेट्रोल उन्हात धरणारा माणूस. टॉवरने दिलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवल्याशिवाय जो वैमानिक पुढे सरकत नाही, तो वैमानिक. सगळं जग तपासणाऱ्या या माणसाने आपल्याच जोडीदाराबद्दलचं एक वाक्य न तपासता आत घेतलं होतं, कारण ते वाईट होतं. वाईट ऐकलं की आपण पुरावा मागत नाही. कंपन्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं, हे मी पत्रकात शंभरदा लिहीन.

जाळ उतरला होता. एरवी मडकं शिजलं की नाही ते बघण्यासाठी काका त्यावर पाणी शिंपडत, चर्र आवाज ऐकत, मग पुन्हा एकदा शिंपडत. त्या दिवशी ते मागे सरले. म्हणाले, “कर्णिक, तुम्ही बघा. झालं असेल तर काढा.”

कर्णिकांनी मडकं काढलं, शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. काकांनी एक उचलली आणि आत न बघता तोंडात टाकली. शेंग अर्धी कच्ची होती. ते चावत राहिले.

गिल्डचे अर्ज त्यांनी त्यानंतर तासभर वाचले. तो तास बाईंना फार जड गेला. एका कलमावर त्यांनी बाईंना इतकं छळलं की त्यांनी शेवटी पिंपातून मोबाइल काढून घेऊन कुणाला तरी फोन करून विचारलं. मग काकांनी एक अट सगळ्यांकडून कबूल करून घेतली. जो नाही म्हणेल, त्याने बाकीच्यांना लगेच कळवायचं. ज्याला ‘दुसरा गेला’ असं सांगण्यात येईल, त्याने त्या दुसऱ्यालाच फोन करायचा. मग सह्या झाल्या. सगळ्यांच्या. घरतांची आणि कर्णिकांची एकाखाली एक.

परतताना बाबा म्हणाले, “हा त्या दिवशी मालकाला घेऊन आला, तेव्हा यालाही असंच काही सांगितलं असेल.” मी म्हटलं, “कुणी पाहिलं?” बाबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि स्टेशनकडे भराभर चालू लागले.

घरत काकांना मी शेवटचं पाहिलं ते पेणच्या मैदानावर, पुढच्या प्रचारात. पुन्हा धुकं, पुन्हा नेता, पुन्हा पलीकडे कुठेतरी वाट बघणारी सभा. नेता गाडीत बसून होता. कार्यकर्ते काकांभोवती जमले होते. मागून पोरं ओरडत होती, पायलट घाबरला रे.

“अहो कॅप्टन, तुमच्या ऑफिसातून फोन आहे,” एक कार्यकर्ता म्हणाला. “ते म्हणतात कर्णिक तयार आहेत. त्यांनाच बोलावू का?”

काकांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, कर्णिकांना लावला आणि स्पीकर चालू केला. “कर्णिक, तुम्ही तयार आहात म्हणतायत.”

“कुणी पाहिलं?” स्पीकरमधून आवाज आला. “मी मुरुडला चहा पितोय. मी पण ‘नाही’च सांगितलंय.”

जवळ उभे असलेले दोघे-तिघे हसले. कार्यकर्ता हसला नाही. नेता मोटारीने रस्त्याने गेला.

आणि अर्ध्या तासात धुकं विरलं. डोंगर इतके स्वच्छ दिसू लागले की त्यांवरची घरं मोजता यावीत. मग लोक जास्तच चिडले. कुणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं. ते यंत्राला लागलं नाही. काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “आता कळलं.” मग मैदान रिकामं झालं. उडायचं नव्हतं, तरी ते यंत्राला हात लावत पूर्ण एक फेरी फिरले, पात्यांना दोऱ्या बांधल्या, आणि शेपटीपाशी, जिथे ते रोह्यात खाली बसले होते तिथे, तळहात टेकवून उभे राहिले. उभेच होते. मी निघाले तेव्हाही.

कंपनीने त्यांचा करार पुढे चालवला नाही. कर्णिकांचाही नाही. गिल्ड दोघांसाठी लढतं आहे असं ऐकते. कागद इकडून तिकडे जातायत, आणि माझा अजून त्या चकचकीत बुटांवर पूर्ण विश्वास बसलेला नाही. काका दूर कुठल्या राज्यात नोकरीला गेले. वरच्या मजल्याला कुलूप आहे. पण त्या कंपनीतले उरलेले सगळे पायलट अजून गिल्डमध्ये आहेत आणि धुक्याच्या सकाळी एकमेकांना फोन करतात. हे मात्र मी स्वतः विचारून खात्री करून घेतलं आहे.

तुम्ही हेलिकॉप्टर उडवत नसाल. तुम्ही धाटावला शिफ्ट करत असाल, शाळेत शिकवत असाल, दुकानात उभे राहत असाल. तुमच्याही साहेबाने तुम्हाला सांगितलं असेल, तुम्ही नाही म्हणालात तरी काय, तो दुसरा तयार आहे. त्या दुसऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. त्याच्याबद्दलचा राग तुम्ही कदाचित अजून सांभाळून ठेवला आहे. माझं एवढंच मागणं आहे. हा कागद खाली ठेवा, त्याला फोन लावा, आणि विचारा की तो खरंच हो म्हणाला होता का. आजच विचारा.